आठ डिस्ट्रो झाल्या, आता एकच ठेवायची आहे

काना_मात्रा

दोन महिन्यांत माझ्या लॅपटॉपवर लिनक्सच्या आठ डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचे तयार अवतार) येऊन गेल्या. उबुंटू, मिंट, झोरिन, फेडोरा, मांजारो, पॉप, डेबियन आणि परत उबुंटू. म्हणजे खऱ्या सातच, पण इन्स्टॉल आठ वेळा केलं.

सुरुवात नाइलाजाने झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा आय-फाइव्ह प्रोसेसर चौथ्या पिढीचा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ त्याला दारातही उभं करत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे. ८ जीबी रॅम, मी स्वतः बसवलेली एसएसडी, आणि कीबोर्ड इतका छान की केवळ त्याच्यासाठी लॅपटॉप टाकवत नाही.

काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर लिबरऑफिस, पीडीएफ, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. आठवड्यातून दोनदा स्क्रीन दाखवत व्हिडिओ कॉल. एक म्हातारा स्कॅनर. गेम नाहीत, प्रोग्रॅमिंग नाही.

प्रत्येक डिस्ट्रो पहिले तीन दिवस आवडते. चौथ्या दिवशी काहीतरी खुपतं, मी व्हिडिओ बघायला लागते, कुणीतरी सांगतं की अमक्या डिस्ट्रोत हा त्रासच नाही, की पेनड्राइव्ह पुन्हा तयार. परवा एका पुस्तकाची तिसरी प्रुफं द्यायची होती आणि मी रात्री एक वाजता पार्टिशनं करत बसले होते. तेव्हा लख्ख कळलं की मी डिस्ट्रो निवडत नाहीये, प्रुफं टाळतेय.

तर तुमची आवडती कोणती ते सांगा. ‘हलकी, सुंदर, स्टेबल’ हे शब्द कृपया नकोत, ते वाचून डोळे आलेत. तुमच्या बाबतीत काय घडलं म्हणून ती टिकली, ते हवंय.

कंपाइल_करतोय

आर्च.

बरं, एवढ्यावर मार पडेल, म्हणून पुढे. आर्च टाकली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वायफाय कोण चालू करतं, आवाज कुठून येतो, लॉगिनची खिडकी कोण उघडतं. कारण यातलं काहीच आपोआप आलं नाही, एकेक मीच बसवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर होता, आणि मी घरभर सांगत फिरत होतो की झालं इन्स्टॉल.

ताई, तुम्ही मात्र घेऊ नका. माझ्याकडे रविवार आहेत, तुमच्याकडे प्रुफं आहेत. आर्चची विकी तेवढी खूण करून ठेवा, डिस्ट्रो कुठलीही असो, उत्तर तिथेच सापडतं.

जुना_पेंग्विन

माझ्याकडे एक वही आहे. २००६ पासूनची, आता दोन वह्या झाल्या. नियम एकच: संगणकाशी बसलो एका कामाला आणि करावं लागलं भलतंच, असं झालं की तारीख, डिस्ट्रो, काय मोडलं आणि किती वेळ गेला ते लिहायचं. सुरू केली ती दुरुस्ती पुन्हा शोधावी लागू नये म्हणून. आवडत्या डिस्ट्रोचा निकाल तिच्यातून लागेल असं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

पहिलं पान उबुंटू ६.०६ चं. त्या काळी कॅनॉनिकल, उबुंटू बनवणारी कंपनी, पोस्टाने फुकट सीडी पाठवायची, पाकिटातून ती आली. आवृत्तीचा आकडा म्हणजे साल आणि महिना. ती एप्रिलमध्ये यायची होती, सहा आठवडे लांबली, म्हणून ६.०४ ऐवजी ६.०६. त्या वर्षाची पानं गच्च भरलेली आहेत. स्क्रीनचं रेझोल्यूशन फाइल उघडून हाताने लिहायचं, आणि एक आकडा चुकला की काळोख. गाणं चालू असेल तर व्हिडिओला आवाज नाही. तरी वहीत वैताग दिसत नाही. तेव्हा मलाही रविवार होते.

२०११ च्या एप्रिलची नोंद मजेशीर आहे. त्याच महिन्यात ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला आणि उबुंटू ११.०४ युनिटी या स्वतःच्या डेस्कटॉपवर गेली. मोडलं काहीच नव्हतं. मी फक्त एवढंच लिहिलंय: ‘खिडकी खाली दडवायचं बटण कुठे गेलं?’ ग्नोमने ते काढूनच टाकलं होतं. हात पाच वर्षं ज्या कोपऱ्यात जात होता तिथे काही नव्हतं. मी रागावून आर्चवर गेलो, हे आज सांगायला जरा लाज वाटते. बटणासाठी माणूस घर बदलत नाही, निदान बदलू नये.

मग जुलै २०१२. वहीतली सगळ्यात लांब नोंद, अडीच पानं. आर्चमध्ये मुळातल्या लिब फोल्डरातल्या लायब्ररी यूएसआरमधल्या लिबमध्ये हलवून जुन्या जागी नुसती लिंक ठेवायची, असा बदल आला होता. प्रकल्पाच्या बातम्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की या क्रमाने करा आणि जबरदस्तीचा पर्याय देऊ नका. मी पान उघडलंच नव्हतं. अपडेट अडलं, मी जबरदस्ती केली. त्यानंतर कुठलीही कमांड दिली की उत्तर एकच: ‘अशी फाइल नाही.’ फाइल तर होती! नव्हता तो प्रोग्रॅमला मेमरीत चढवणारा लोडर, आणि त्याच्याशिवाय साधी फोल्डरची यादीसुद्धा दिसत नाही. शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि तिथल्या पॅकमॅनला (आर्चमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) बाहेरून माझ्या डिस्कवर कामाला लावलं. पहाटे चार वाजले. नोंदीखाली लिहिलंय: ‘चूक माझी. बातम्या वाचणे.’ पुढच्या जूनमध्ये सगळे प्रोग्रॅम यूएसआरच्या बिनमध्ये हलले, तेव्हा आधी वाचलं, दहा मिनिटांत उरकलं.

म्हणजे आर्च वाईट नव्हती. पण तिला दर आठवड्याला माझं लक्ष हवं होतं, आणि २०१५ पर्यंत माझ्याकडे ते उरलं नव्हतं. त्या वर्षी डेबियन ८ टाकली, आणि तीच आजही चालू आहे. अक्षरशः तीच, पुन्हा इन्स्टॉल केलेली नाही. ८ वरून ९, १०, ११, १२ आणि २०२५ च्या ऑगस्टनंतर १३. मधे एकदा अख्खं मशीन बदललं, जुनी डिस्क नव्यात लावली, डेबियन मुकाट सुरू झाली.

मोडलंच नाही असं मुळीच नाही. ११ वर जाताना सुरक्षा अपडेटच्या रिपॉझिटरीच्या (जिथून पॅकेजं येतात त्या कोठाराच्या) नावाची पद्धतच बदलली होती. यादीत जुन्या आवृत्तीच्या जागी नव्या आवृत्तीचं नाव घातलं की झालं, ही दरवेळची युक्ती चालेना. १२ मध्ये बंदिस्त फर्मवेअरचा, म्हणजे वायफाय कार्डासारख्या भागांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वेगळा विभाग झाला, तो यादीत स्वतः जोडावा लागला. १३ मध्ये टेंप हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर डिस्कवरून उठून रॅममध्ये गेला. मी तिथे मोठे व्हिडिओ जोडत असे. रॅम भरली, सगळं गोगलगाय झालं. तिन्ही गोष्टी रिलीज नोट्समध्ये होत्या. पहिल्या दोन मी वाचल्या होत्या.

आकडे सांगतो. २०१२ या एका वर्षात १९ नोंदी. डेबियनच्या दहा वर्षांत २३, आणि त्यातल्या निम्म्या प्रिंटरच्या. प्रिंटर कुठल्याच डिस्ट्रोचा सख्खा नसतो. म्हणून माझी आवडती डेबियन. तिच्यात काय आहे त्यापेक्षा वहीत तिच्यावर काय लिहावं लागलं नाही, त्यावरून.

एक गोष्ट मात्र तुमच्या यादीबद्दल. तुम्ही सात डिस्ट्रो बघितल्या म्हणता, पण डेस्कटॉप मोजा. उबुंटू, फेडोरा, झोरिन, आणि डेबियनमध्ये काही न निवडता पुढे गेला असाल तर तीही: चौघींतही मुळात ग्नोमच, कपडे वेगळे. दिवसभर तुमचा संबंध येतो तो डेस्कटॉपशी. डिस्ट्रो म्हणजे अपडेट कधी, कशी आणि कोणाकडून येणार याचा करार. चौथ्या दिवशी जे खुपतं ते डेस्कटॉपचं की कराराचं, हे आधी ठरवा. डेस्कटॉपचं असेल तर त्याच डिस्ट्रोवर दुसरा डेस्कटॉप टाकून बघता येतो, पार्टिशनांना हात लावायचं कारण नाही.

निळी_टोपी

काकांची वही थोर आहे, पण तिच्यात एक रकाना कमी आहे. ‘मोडलं नाही, पण मुळात चाललंच नाही’ हा.

मी फेडोरावाली. मशीन नवं घेतलं तेव्हा त्यातलं ग्राफिक्स डेबियनच्या त्या वेळच्या कर्नलपेक्षा (लिनक्सच्या गाभ्यापेक्षा) वयाने लहान होतं. स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त होईना, झाकण मिटलं की मशीन झोपायचं ते उठायचं नाही. फेडोरा एकाच आवृत्तीत राहूनही नवा कर्नल देत राहते, तिच्यात हे सगळं पहिल्या दिवशी चाललं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, प्रत्येकीला साधारण १३ महिने अपडेट मिळतात, म्हणजे मनात आणलं तर एक उडी सोडून दुसरी मारता येते. मी तेच करते, वर्षातून एकदा.

तिचंही एक दुखणं आहे, लपवत नाही. पेटंटच्या भानगडीमुळे काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे भाग) फेडोरा स्वतः देत नाही. २०२२ मध्ये एच.२६४ ला ग्राफिक्स कार्डाकडून मिळणारी मदतही काढली गेली. आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी जोडून ते भरून काढावं लागतं. दहा मिनिटांचं काम, पण नवख्या माणसाला ते कुणी सांगत नाही आणि तो समजतो लॅपटॉपच गचाळ.

तुमचं मशीन जुनं आहे, तेव्हा माझं कारण तुम्हाला लागू नाही. नवं घेतलंत तर मात्र ही पोस्ट शोधा.

कंपाइल_करतोय

काका, ‘चूक माझी, बातम्या वाचणे’ हे मी टेबलासमोर चिकटवतोय. गेल्या महिन्यात मी एकच पॅकेज नवं करायला गेलो, यादी ताजी केली आणि बाकी सिस्टिम जुनीच ठेवली. आर्चमध्ये अर्धं अपडेट चालत नाही हे विकीत ठळक अक्षरांत आहे. ब्राउझर उघडेना.

काना_मात्रा

काका, डेस्कटॉप मोजले. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, सातांत जेमतेम चार. आणि मला खुपतं ते जवळजवळ दर वेळी एकच: खाली उघड्या फाइलींची पट्टी नसते. मी एका वेळी मूळ प्रत, प्रुफ आणि कोश अशा तीन खिडक्यांत असते. म्हणजे डिस्ट्रोवर आळ उगीच घेतला.

आता तीन शंका. एक, डेबियनच्या इन्स्टॉलरला माझं वायफायच दिसलं नव्हतं. दोन, काही ठिकाणी इनस्क्रिप्टसाठी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवावं लागलं, काही ठिकाणी नाही, असं का? मला ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ सरळ उमटायला हवेत, ‘दुसर्या’ दिसलं की अंगावर काटा येतो. तीन, डेबियनमधलं लिबरऑफिस जुनं असतं म्हणतात.

जुना_पेंग्विन

वायफाय: डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर असतं, पण जे कार्ड बनवणारे स्वतःचं फर्मवेअर दुसऱ्याला वाटू देत नाहीत त्यांचं कुणीच देऊ शकत नाही. ते नेटवरून उतरवावं लागतं, आणि नेट तर त्याच कार्डातून यायचं असतं. फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये टेदरिंग चालू करा, इन्स्टॉलर त्याला तारेचं नेटवर्क समजतो. काम झालं की फोन काढा.

इनस्क्रिप्ट: मराठीचा लेआउट थेट एक्सकेबीत, म्हणजे लिनक्सच्या कीबोर्ड-नकाशांच्या संचात आहे, ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ या नावाने, भारतीय कीबोर्डांच्या यादीत खाली. कगप पद्धतीचा ध्वन्यनुसारीही तिथेच आहे. हे नुसते कीबोर्डचे नकाशे, त्यांना आयबस लागत नाही. एका कळीला एक अक्षर यापेक्षा हुशारी हवी असेल, म्हणजे रोमनमध्ये टाइप करून देवनागरी, तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स. ‘ऱ’ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबली की येतो, मग हलन्त, मग ‘य’. त्यानंतरही अर्धचंद्र दिसला नाही तर दोष फाँटचा. ल आणि श यांची मराठी वळणंही प्रत्येक फाँटात नसतात, ते तुमच्याच डोळ्यांनी तपासा, ती माझी विद्या नव्हे.

लिबरऑफिस: डेबियन १३ मध्ये २५.२ आहे. दोन वर्षं तेच राहील, फक्त दुरुस्त्या येतील. नवं हवंच असेल तर बॅकपोर्ट्स (डेबियनचीच नव्या पॅकेजांची जादा रिपॉझिटरी) किंवा फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून वेगळं बसणारं पॅकेज). एक मात्र करू नका. पुढच्या आवृत्तीची किंवा उबुंटूची रिपॉझिटरी डेबियनच्या यादीत घालू नका. मी २०१६ मध्ये एका फोटोच्या प्रोग्रॅमसाठी घातली होती. त्याने नवी सी लायब्ररी ओढली, तिने आणखी चाळीस गोष्टी ओढल्या. वहीत नोंद आहे, पान फाटलंय, वेळेचा रकाना मी मुद्दामच भरलेला नाही.

घरचा_ॲडमिन

नातेवाइकांचे चार संगणक माझ्या गळ्यात आहेत, म्हणून उत्तर निराळं. चारांवरही मिंट. ती छान दिसते का, मला ठाऊक नाही. फोनवरून सांगता येते, एवढं ठाऊक आहे. ‘खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू’ म्हटलं की पलीकडच्या माणसाला मेन्यू सापडतो. ग्नोममध्ये ‘विंडोजची कळ दाबा, आता नाव टाइप करा, नाही, कुठे नाही, नुसतं टाइप करा’ असं मी एकदाच केलंय.

दुसरं म्हणजे टाइमशिफ्ट, सिस्टिमचे स्नॅपशॉट घेऊन ठेवणारा प्रोग्रॅम. पहिल्याच दिवशी चालू करून ठेवतो. एकीने चालत्या अपडेटमध्ये बटण दाबून मशीन बंद केलं, मी तिला कालचा स्नॅपशॉट निवडायला लावला, वीस मिनिटांत गाडी रुळावर. मात्र हे सिस्टिमचं बॅकअप आहे, तुमच्या प्रुफांचं नाही. फाइलींचं वेगळं घ्या.

आणि कुठलीही डिस्ट्रो उतरवली की चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे ताडायचा आकडा, तपासा. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन उतरवायच्या दुव्यामागे मागचं दार असलेली आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) ठेवली गेली होती. प्रकल्पाने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. आठ इन्स्टॉलांत तुम्ही किती वेळा तपासलं? खरं सांगा.

काना_मात्रा

शून्य वेळा. आता प्रायश्चित्त घेतलंय.

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मध्ये पुस्तक छापायला गेलं.

वही घातली. काकांचा नियम, पण मुदत तीन आठवडे, आणि तोवर व्हिडिओ बंद. काका, रागावू नका, पण डेबियन नाही ठेवली. मिंट ठेवली, एक्सएफसीई डेस्कटॉपवाली. पट्टी खाली आहे, तीन खिडक्या तीन बटणांत दिसतात. वायफाय ड्रायव्हर मॅनेजरमधून एका टिचकीत झालं, फोन शोधायची वेळ आली नाही. ‘दुसऱ्या’ दुसऱ्यासारखं दिसतं. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवताना पलीकडच्यांना माझा माउस दिसत नव्हता, ते ब्राउझर बदलल्यावर गेलं, कारण कळलं नाही.

२१ दिवसांत नोंदी दोन. एक ही माउसची. दुसरी स्कॅनरची, आणि ती अजून उघडी आहे. प्रोग्रॅमला स्कॅनर सापडतो, मॉडेलचं नावही बरोबर दाखवतो, पण स्कॅन म्हटलं की दिवा लागत नाही आणि एरर येते.

जुना_पेंग्विन

रागवायचं काय त्यात, दोन नोंदी म्हणजे माझ्या पहिल्या वर्षापेक्षा सरस. मी आपली डेबियनच ठेवणार.

स्कॅनरचं सांगतो. एररमध्ये फर्मवेअर असा शब्द आहे का बघा. काही जुन्या फ्लॅटबेड स्कॅनरांच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर नसतं, वीज दिली की दर वेळी संगणकाने ते आत ढकलायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. लिनक्समध्ये स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे सेन, त्याचं स्नॅपस्कॅन बॅकएंडही करतं, पण फाइल तुम्ही आणून द्यायची. स्कॅनरबरोबर आलेल्या ड्रायव्हरच्या सीडीत नावाला ‘.bin’ हे शेपूट असलेली एक छोटी फाइल असते. ती कॉपी करा आणि स्नॅपस्कॅनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये फर्मवेअरच्या ओळीत तिचा पत्ता लिहा. एकदाच करायचं. सीडी आहे का?

काना_मात्रा

शब्द आहे! आणि सीडीही आहे, स्कॅनरच्याच खोक्यात, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

लॅपटॉपची सीडी ड्राइव्ह मी एसएसडी बसवताना काढून टाकली होती. नोंद तिसरी.